सरकारदरबारी भावकी

परभणी क्रांती ही भेंडी १९८५ साली परभणीच्या कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांच्या हाती आली. तोवर भेंडी लावणारा शेतकरी केवडा रोगाने हैराण झालेला होता. पानांच्या शिरा पिवळ्या पडत, पाठोपाठ फळही पिवळं पडे, आणि असा माल बाजारात कुणी हातात धरत नसे. इथल्या संशोधकांनी पुसा सावनी या चालत्या वाणाचा संकर भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाशी केला आणि रोगाला दाद न देण्याचा त्याचा गुण पुढच्या पिढ्यांत उतरवला. कापसात याच विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा एनएचएच-४४, ज्वारीत परभणी मोती, गोठ्यात लाल कंधारी आणि देवणी. आईबापाचे गुण पुढे कसे उतरतात, ते कोण जपतो आणि त्यावर हक्क कुणाचा, हा या जिल्ह्यात रोजच्या व्यवहाराचा विषय आहे.

बियाण्याच्या बाबतीत या हक्काचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा. नवा वाण नोंदवायला येणाऱ्या कंपनीला त्यात लिहून द्यावं लागतं, की पैदाशीसाठी वापरलेली मूळ सामग्री मी कायदेशीर मार्गाने मिळवली आहे. शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या वाणातून कुणी नफा कमावला, तर त्यातला वाटा मागण्याची सोय आहे. पुढच्याच वर्षी, २००२ साली, जैवविविधता कायदा आला. झाडं, प्राणी, सूक्ष्मजीव आणि त्यांचं जनुकीय द्रव्य परस्पर कुणी उचलून नेऊ नये, म्हणून त्यात मंडळं आणि गावपातळीच्या समित्या आल्या. याच कायद्यात जैविक संसाधनांची व्याख्या करताना शेवटी एक अपवाद घातला आहे : माणसाचं जनुकीय द्रव्य यात येत नाही.

या अपवादामागचा विचार चांगलाच होता. माणूस म्हणजे साधनसंपत्ती नव्हे, त्याचा लिलाव किंवा वाटा होऊ शकत नाही. पण माणसाला बाजूला काढल्यावर त्याच्यासाठी वेगळा कायदा व्हायला हवा होता, तो आजतागायत झालेला नाही. रानभेंडीचा गुण कुणी नेला तर विचारणारी समिती गावात आहे. शेजारच्या घरातल्या तरुणाच्या गालाच्या आतून पोलिसांनी बोळा फिरवून नेला, तर त्या बोळ्याचं पुढे काय झालं हे विचारायला कुठे जायचं?

बोळा नेण्याचा अधिकार देणारा कायदा मात्र आहे. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, २०२२. लोकसभेत तो ४ एप्रिलला आणि राज्यसभेत ६ एप्रिलला मंजूर झाला. आधी स्थायी समितीकडे पाठवा ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. ४ ऑगस्ट २०२२ पासून तो लागू आहे. त्याच्या जागी आधी १९२० सालचा इंग्रजी अमलातला कैदी ओळख कायदा होता. त्यात बोटांचे ठसे, पावलांचे ठसे आणि छायाचित्र इतकंच होतं. नव्या कायद्यात तळहात, डोळ्यांची बुबुळं आणि पडदा, सही, हस्ताक्षर, ‘वर्तणुकीची लक्षणं’, आणि शरीरातले जैविक नमुने व त्यांचं पृथक्करण असं सगळं आलं. जैविक नमुने म्हणजे रक्त, लाळ, केस. डीएनए तपासणीचा फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५च्या दुरुस्तीने आधीच उल्लेख झाला होता, पण तो समोरच्या गुन्ह्याच्या पुराव्यासाठी. नव्या कायद्याने त्यात साठवणं आणलं. नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे दिल्लीत, घेतल्या दिवसापासून पंचाहत्तर वर्षं ठेवायची. विशीतल्या पोराची नोंद त्याच्या पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत राहणार.

आणि ही नोंद फक्त शिक्षा झालेल्याची नाही. अटक झालेला, प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत ठेवलेला, आणि दंडाधिकाऱ्याला तपासासाठी आवश्यक वाटलं तर कुणीही त्यात येतो. जैविक नमुना देण्याला नकार देण्याची मुभा आहे, पण बाई-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात नाही आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नाही. बाकीच्या गुन्ह्यात नकार देता येतो हे अटक झालेल्याला कुणी सांगितलं पाहिजे, असं बंधन कलमात दिसत नाही. शिवाय पहिल्या दिवशी कोणतं कलम लावायचं हे ठाणंच ठरवतं. दगडफेकीच्या गुन्ह्यात खुनाच्या प्रयत्नाचं कलम जोडलं, की मुभा तिथेच संपते. सहा महिन्यांनी आरोपपत्रातून किंवा सहा वर्षांनी निकालातून ते कलम गळालं, तरी तोवर नमुना देऊन झालेला असतो.

डीएनए तपासणीत नेमकं काय होतं, हे इथे थोडं सावकाश सांगायला हवं, कारण सरकारी बाजूचा सगळा भर त्यावर असतो. पेशीतल्या सुमारे तीनशे कोटी अक्षरांपैकी प्रयोगशाळा वीसेक ठरावीक जागा बघते. प्रत्येक जागी अक्षरांचा एक छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला ते मोजते. एक आकडा आईकडून आलेला, एक बापाकडून. अशा आकड्यांच्या जोड्या म्हणजे प्रोफाइल. या आकड्यांवरून रंग, रोग, स्वभाव काही कळत नाही, ती फक्त ओळखपट्टी आहे, असा युक्तिवाद केला जातो. आकड्यांपुरता तो बराचसा खरा आहे. पण आकडे ज्यातून निघाले तो नमुना, ती लाळ किंवा ते रक्त, त्यात तीनशे कोटी अक्षरं तशीच असतात. नमुना फ्रीजमध्ये राहिला, तर आज वीस जागा वाचणारं यंत्र उद्या सगळं वाचू शकतं. प्रोफाइल ठेवायची की नमुनाही ठेवायचा, हे म्हणूनच दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या कायद्यात ‘नमुने व त्यांचं पृथक्करण’ हे एकाच दमात येतं.

आकडेही वाटतात तितके मुके नाहीत. अर्धे आईचे, अर्धे बापाचे असल्यामुळे सख्ख्या भावाचे आकडे भावाशी बरेच जुळतात. पुरुषाचं वाय गुणसूत्र तर बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं. मराठवाड्यातली बहुतेक गावं चार-दोन मोठ्या भावक्यांची बनलेली असतात. भावकी म्हणजे एका पुरुषापासून फुटलेल्या फांद्या, आणि वाय गुणसूत्र त्याच फांद्यांवरून चालतं. गंगाखेड किंवा जिंतूरकडच्या एका गड्याचा वाय-नमुना नोंदीत गेला, की आजोबा-पणजोबांपासून फुटलेल्या त्याच्या भावकीतला प्रत्येक पुरुष त्या नोंदीत अर्धवट उभा राहतो : पुण्यात नोकरीला गेलेला, पोलिसात भरती झालेला, अजून शाळेत असलेला. त्यातल्या कुणीही संमती दिलेली नसते. अमेरिकेत एप्रिल २०१८मध्ये कॅलिफोर्नियातला सत्तर-ऐंशीच्या दशकांतला एक खुनी असाच सापडला. त्याचा स्वतःचा नमुना कुठल्याही नोंदीत नव्हता. दूरच्या चुलत नातेवाइकांनी वंशावळीच्या हौसेपोटी एका संकेतस्थळावर माहिती टाकली होती, तिथून पोलीस त्याच्या दारात गेले. खुनी सापडला हे चांगलंच झालं. पण आपण कोणाच्या वतीने काय देऊन बसलो, हे त्या नातेवाइकांना वर्तमानपत्रातून कळलं.

आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००३ साली हाच प्रश्न एका मुलीने नेला होता. तिथे सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका कंपनीमार्फत एकत्र करण्याचा कायदा झाला होता. तिचं म्हणणं इतकंच, की माझ्या वारलेल्या वडिलांची नोंद त्यात घालू नका, कारण त्यांच्या नोंदीतून माझ्याबद्दल कळतं. न्यायालयाने ते मान्य केलं. जनुकाच्या गोष्टी एका माणसाच्या नसतात हे आपल्या शेतकऱ्याला कुठल्याही न्यायालयाशिवाय ठाऊक आहे. कालवड घेताना तो तिच्या आईचं दूध विचारतो.

आता दुसरी बाजू, आणि ती मी हातचं राखून सांगणार नाही.

१ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. पंचवीस जण गेले. देह ओळखण्यापलीकडे जळाले होते. डीएनए जुळवून प्रत्येकाला आपापला माणूस द्यायचा तर काही दिवस थांबावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात चोवीस देहांना एकत्र अग्नी देण्यात आला. कोणती राख आपल्या लेकराची, हे न विचारता घरच्यांनी तो निरोप स्वीकारला. वर्षं दोन उलटली, आणि १२ जून २०२५ला अहमदाबादेत विमान कोसळून दोनशे साठ माणसं मेली. तेव्हा नातेवाइकांचे नमुने घेऊन एकेक देह जुळवून घरी पाठवला गेला. तो जुळवण्याचा खटाटोप किती मोलाचा आहे, हे बुलढाण्याच्या त्या सकाळनंतर कुणाला समजावून सांगायला नको.

परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची जंक्शनं आहेत. रुळांवर, फलाटावर, गोदावरीच्या पात्रात सापडणाऱ्या अनोळखी देहांचा पंचनामा इथल्या ठाण्यांना नवा नाही. आणि दिवाळी आटोपली की या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्यातलं कुणी परमुलखात गेलं-हरवलं, तर घरचे किती वर्षं वाट बघत राहतात हे गावाला माहीत असतं. बेवारस देह आणि हरवलेली माणसं यांची डीएनए जुळणी व्हावी, म्हणून लोकनीती फाउंडेशनने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१८ साली सरकारने तिथे सांगितलं, की त्यासाठी विधेयक आणतो आहोत.

विधेयक आलं. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक. ८ जानेवारी २०१९ला ते लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत न जाता सभागृहाबरोबर संपलं, त्याच वर्षी जुलैमध्ये पुन्हा आलं. जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीने त्यावर फेब्रुवारी २०२१मध्ये अहवाल दिला. त्यात खटल्याविना संशयितांच्या नोंदी कायम राहण्याबद्दल आणि जातीधर्माच्या आधारे लोकांवर नेम धरला जाण्याबद्दल सदस्यांची काळजी नोंदवलेली आहे; असदुद्दीन ओवैसी आणि बिनॉय विश्वम यांनी वेगळी भिन्नमतपत्रं जोडली. माझ्या मते ते विधेयक अपुरं होतं. पण त्यात निदान एक नियामक मंडळ होतं, प्रयोगशाळांना मान्यतेची अट होती, हरवलेल्यांची आणि अनोळखी मृतांची यादी गुन्हेगारांच्या यादीपासून वेगळी होती, माहिती फोडणाऱ्याला शिक्षा होती. २४ जुलै २०२३ला सरकारने ते मागे घेतलं. कारणांत २०२२चा ओळख कायदाही होता : बरंच काही त्यात आलेलंच आहे. म्हणजे नमुना घेण्याचा अधिकार मागे राहिला आणि नमुन्याची राखण करणारं मंडळ गेलं. हरवलेल्या माणसाच्या आईसाठी सुरू झालेली गोष्ट अटक झालेल्याच्या नोंदीवर येऊन थांबली. या लेखात मला सगळ्यांत जास्त टोचलेली गोष्ट हीच आहे.

एका कामासाठी गोळा केलेली माहिती दुसऱ्या कामाला लावण्याचा मोह किती झटकन होतो, याचं उदाहरण गोव्यात घडलं. जानेवारी २०१३मध्ये वास्कोच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. आरोपी सापडेना. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी ठसे मिळाले होते, आणि आधारसाठी गोव्यातल्या लोकांचे ठसे घेऊन झाले होते. सीबीआयने ते सगळे मागितले आणि वास्कोच्या दंडाधिकाऱ्यांनी द्या म्हणून आदेश दिला. आधार प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. २४ मार्च २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाच्या लेखी संमतीवाचून त्याची ही माहिती कुणालाही देऊ नये. त्या मुलीला न्याय मिळावा असं कुणाला वाटणार नाही? पण धान्याच्या कार्डासाठी अंगठा टेकवलेल्या अख्ख्या राज्याला एका रात्रीत संशयितांच्या रांगेत उभं करणं हा त्या न्यायाचा रस्ता नव्हता. नंतर झालेल्या २०१६च्या आधार कायद्यात बायोमेट्रिक माहितीच्या व्याख्येत छायाचित्र, ठसे, बुबुळं यांच्या पुढे ‘किंवा नियमांनी ठरवलेलं इतर जैविक लक्षण’ अशी जागा मोकळी सोडली आहे. पहिलं आधार कार्ड २०१०मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. या मोकळ्या जागेत उद्या काय भरलं जाईल, याची चिंता टेंभलीपासून परभणीपर्यंत सगळ्यांनी करावी अशी आहे. आणि त्याच कायद्यात असंही आहे, की नोंदणीच्या वेळी जात विचारायची नाही. जात विचारायची नाही, पण डीएनए घ्यायचा, असं कधी झालं तर? २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी मिळून दाखवलं, की सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीपासून भारतातले समाज आपापसांतच लग्नं करत आले. बेटीव्यवहाराच्या त्या भिंतीची खूण रक्तात उतरलेली आहे. पूर्ण नमुना हाती असलेल्याला आडनाव विचारायची गरज फारशी उरत नाही.

शरीराची नोंद ठेवून माणसावर नजर ठेवण्याचा आपल्याकडचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्या समाजांना हजेरी आली, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची बंदी आली, पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट आल्या. बोटांचे ठसे लावून ठेवण्याचं जगातलं पहिलं मोठं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं, आणि पुढे या समाजांच्या नोंदीत नावाबरोबर ठसेही जाऊ लागले. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला. पण हजेरीची सवय ठाण्यांच्या अंगी मुरली होती. कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे मराठवाड्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. ज्याला आधी उचलतात त्याची नोंद होते, आणि ज्याची नोंद आहे त्याला पुढच्या वेळी आधी उचलतात. डीएनएची पेटी या चक्रात आणून ठेवली, तर यंत्र कितीही बिनचूक असो, त्यात कुणाचे आकडे जाणार हे यंत्र ठरवत नाही.

१० डिसेंबर २०२४ला परभणीत रेल्वे स्थानकासमोरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती एकाने फोडली. दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, त्याला हिंसक वळण लागलं. मग वस्त्यांमध्ये पोलिसांची धरपकड सुरू झाली. अटक झालेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. तो वडार समाजातला. वडार ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली जात आहे, म्हणजे जिच्यावरून १९५२ साली तो शिक्का पुसला गेला असं आपण मानतो त्या यादीतली. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात शवविच्छेदन झालं आणि डॉक्टरांनी प्राथमिक कारण लिहिलं : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. सरकारने विधानसभेत मारहाण झाली नसल्याचं सांगितलं. त्याची आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

या घटनेत शरीराच्या नोंदीच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. शवविच्छेदनाचा कागद ही शरीराचीच नोंद. ती घेणारे डॉक्टर होते, ती एका नेमक्या प्रश्नासाठी घेतली होती, न्यायालय ती वाचणार होतं, आणि ती सत्तेच्या म्हणण्याविरुद्ध उभी राहू शकली. त्याच आठवड्यात त्याच शहरात ज्यांना वस्त्यांतून उचललं, त्या प्रत्येकाच्या अंगाची मापं घेऊन पंचाहत्तर वर्षं ठेवण्याचा अधिकार कायद्याने पोलिसांच्या हातात होता. तीही शरीराचीच नोंद. घेणारा तोच, जपणारा त्याच्याच खात्यातला, आणि कशासाठी याचं उत्तर ‘पुढे कधी लागली तर’ इतकंच. संविधानाची प्रतिकृती फुटली म्हणून रस्त्यावर आलेल्या माणसाला या दुसऱ्या नोंदीबद्दल विचारण्याचा हक्क त्याच संविधानाने दिलेला आहे. २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, आणि राज्याने त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानानेच उपाय हवा, अशी कसोटी घालून दिली.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न शेफिल्डच्या एका अकरा वर्षांच्या मुलावरून सोडवावा लागला. २००१ साली त्याला लुटीच्या प्रयत्नाच्या आरोपात पकडलं, ठसे आणि नमुना घेतला. तो निर्दोष सुटला, पण पोलीस नोंद काढेनात. त्या वेळी तिथे एकदा नोंद घेतली की ती कायमची, असाच कायदा होता. ४ डिसेंबर २००८ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की निर्दोष माणसांच्या नोंदी अशा सरसकट ठेवणं लोकशाहीत बसत नाही. इंग्लंडने २०१२ साली कायदा बदलला आणि सतरा लाखांवर प्रोफाइल पुसल्या. त्यानंतरही तिथे गुन्हे उघड होतात, आरोपी पकडले जातात. कुवेतने दुसरं टोक गाठून पाहिलं : २०१५ साली मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर प्रत्येक नागरिक, रहिवासी आणि पाहुण्याचा डीएनए घेण्याचा कायदा केला. २०१७मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडे अभिमानाने म्हणतात, म्हणून जर्मनीचीही एक हकिकत सांगतो. २००७ साली हाइलब्रॉन शहरात एका पोलीस महिलेचा खून झाला. तिथे सापडलेला डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसेक गुन्ह्यांत सापडत गेला. एकच बाई, खुनापासून घरफोडीपर्यंत सगळीकडे. तिच्यावर तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. मार्च २००९मध्ये उलगडा झाला, की नमुने टिपायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात बांधले जात, तिथल्या एका कामगार बाईचा तो डीएनए होता. विज्ञान चुकलं नव्हतं. बोळा चुकला होता.

आपल्याकडे बोळा चुकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. तालुक्याच्या ठाण्यातला हवालदार मुद्देमालाची पाकिटं घेऊन प्रयोगशाळेकडे निघतो, आणि मग वकिलांच्या खोल्यांत ‘सीए आला का’ ही विचारणा सुरू होते. सीए म्हणजे केमिकल अॅनालायझरचा अहवाल. परभणीला सगळ्यांत जवळची न्यायवैद्यक प्रयोगशाळा नांदेडची. वाटेत पाकीट किती दिवस कपाटात होतं, थंड होतं की नाही, सील कुणी तपासलं, या प्रश्नांवर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो. ठाणे जिल्ह्यात २०१०मध्ये एका सहा वर्षांच्या मुलीच्या खुनात ज्याला फाशी झाली होती, त्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये निर्दोष सोडलं. डीएनए अहवाल त्याच्या विरोधात होता. पण नमुने कसे घेतले, उशीर का झाला, मधल्या काळात ते कुणाकडे होते, याचं उत्तर अभियोग पक्षाकडे नव्हतं. जुलै २०२५मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की नमुना अठ्ठेचाळीस तासांत प्रयोगशाळेत पोचवा आणि तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंदवही निकालापर्यंत ठेवा. दोन दिवसांच्या प्रवासाचा हिशेब ठेवा असं ज्या यंत्रणेला बजावावं लागतं, तिच्या स्वाधीन पंचाहत्तर वर्षांची ठेव करायला माझं मन तयार होत नाही.

जनुकीय माहितीचा गैरवापर ही लांबची भीती आहे असं म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राने तरी उत्तर द्यायला हवं. गर्भजलाची तपासणी गुणसूत्रांतले दोष शोधायला आली होती. त्याच गुणसूत्रांत एक्स की वाय हेही दिसतं, एवढ्या एका माहितीवर ऐंशीच्या दशकात मुली पोटातच मारल्या जाऊ लागल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राला करावा लागला, केंद्राचा १९९४ला आला, आणि तरीही दशकं उलटल्यावर शेजारच्या बीड जिल्ह्यात काय चालू होतं ते सगळ्यांनी वाचलं. माहिती खरी होती, तपासणी अचूक होती, हेतूही सुरुवातीला वैद्यकीय होता. आज सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत कोट्यवधी लोकांचं रक्त तपासून वाहक कोण याची नोंद होते आहे. ती मोहीम हवीच, तिने लेकरं वाचतील. पण वाहक असल्याचं कार्ड सासरच्या हाती पडल्यावर मुलीचं लग्न मोडतं आणि मुलाचं जमवून घेतलं जातं, हे न सांगता समजणाऱ्या समाजात ती चालली आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने माहिती संरक्षण कायद्याच्या २०१८च्या मसुद्यात जनुकीय माहिती ‘संवेदनशील’ धरून तिला जादा संरक्षण दिलं होतं. २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात तो वेगळा वर्गच राहिला नाही, आणि सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकतं.

घरातल्या गोष्टी तर वेगळ्याच. पुण्यातल्या एका दांपत्याच्या वादात मुलाची डीएनए चाचणी मागितली गेली होती. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारताना म्हटलं, की आईबापांच्या भांडणात मुलाची जनुकीय माहिती उघडी पाडायची नाही, तो मुलाचा स्वतःचा खासगी भाग आहे. समोर खटला असताना, न्यायाधीश बसलेले असताना, एका मुलासाठी न्यायालय इतकं जपून पाऊल टाकतं. मग नोंदींच्या साठ्यात बाप-लेकांचे आकडे शेजारी शेजारी पडले आणि जुळले नाहीत, तर ते पाहणाऱ्या ऑपरेटरवर कोणाचा अंकुश आहे?

माझं मागणं मोठं नाही. समोर गुन्हा असेल, घटनास्थळी नमुना असेल, तर न्यायाधीशाच्या आदेशाने संशयिताचा नमुना घ्या, जुळवा, आणि उत्तर मिळालं की नमुना नष्ट करा. शिक्षा झालेल्याची प्रोफाइल गुन्ह्याच्या गंभीरपणाप्रमाणे मुदतीने ठेवा. हरवलेल्यांचे नातेवाईक आणि अनोळखी देह यांची जुळणी आजच सुरू करा, पण ती आरोग्य खात्याकडे ठेवा आणि गुन्ह्याच्या तपासाला तिचं दार बंद ठेवा. नाहीतर मुलगा शोधायला ठाण्यात आलेली बाई रक्त द्यायला धजणार नाही, कारण तिचा दुसरा मुलगा घरी आहे.

आणि निर्दोष सुटलेल्यांचं काय? २०२२च्या कायद्यात त्यांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. आधी शिक्षा झालेली नसावी, अपिलाचे सगळे मार्ग संपलेले असावेत, आणि न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने कारणं देऊन ‘ठेवा’ म्हटलेलं नसावं. नियमांप्रमाणे त्यासाठीची विनंती राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची, तो इतर गुन्ह्यांशी संबंध नाही हे पाहून दिल्लीला कळवतो. सात-आठ वर्षं तारखांना येऊन सुटलेला परभणीचा मजूर हा अर्ज करेल अशी अपेक्षा कुणी धरलेली नसावी. पण प्रत्येक फौजदारी निकालाच्या शेवटी एक परिच्छेद असतो, मुद्देमालाच्या विल्हेवाटीचा. अपिलाची मुदत संपल्यावर जप्त मोटारसायकल मालकाला परत द्यावी, रक्ताचे कपडे, काठी निरुपयोगी म्हणून नष्ट करावी. न्यायाधीश तो परिच्छेद कुणी अर्ज न करता लिहितात. त्याच परिच्छेदात आणखी एक ओळ घालता येते, की आरोपीची घेतलेली सगळी मापं, नमुने आणि त्यांच्या नोंदी ठाणे, प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय नोंद विभाग यांनी नष्ट करून तसा अहवाल या न्यायालयाला द्यावा. त्यासाठी संसदेची वाट बघायची गरज नाही. बचाव पक्षाच्या वकिलाने अंतिम युक्तिवादाच्या दिवशी ती मागणी लेखी दिली, तरी सुरुवात होईल.